जिथं मोडलंय तिथं

सातव्या महिन्यात गाभ टाकला बाबगोंडा मगदुमाच्या म्हशीनं.
वडणग्याहून फोन आला तेव्हा मी जेवत होते.
डबा तसाच झाकला.

गोठ्यात वार अजून लोंबत होती.
मी दोन-दोन मोजे, कोपरापर्यंत, तोंडाला फडकं, डोळ्यांवर चष्मा,
आणि बाबगोंडा उघड्या हातानं तिची पाठ चोळत उभा.
"हात धुवा, मामा."
"ह्याच हातानं चाळीस वर्सं धार काढतोय, बाई."
आत वाकळेत पोरगा. संध्याकाळी ताप, पहाटे घाम,
सांधे उखळात कांडल्यासारखे.
रोज रात्री गंगावेशीत फेसाळता पेला,
म्हशीखालनं थेट ओठाला.

"मायाप्पाची शेरडं," मामा म्हणाला,
कुणी काही विचारायच्या आधी.
"चैत्रात त्याच्या दोघींनी टाकलं. तवाच म्हणलं हुतं."
मी नमुना बाटलीत घातला,
झाकण दाबलं, पुन्हा दाबलं.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं डीएनए पुण्याला गेला,
थर्माकोलच्या डब्यात, बर्फात,
चादरी ओढून झोपलेल्या माणसांच्या पायांखालून.

परत आलं ते पहिलं जनुक: सोळा एस.
ए, टी, जी, सी, पडद्यावर चार रंगांचे डोंगर,
दीड हजार अक्षरं.
शेळीतल्या जातीशी लावून पाहिलं. जुळलं.
म्हशीतल्या जातीशी. जुळलं.
डुकरातल्या, कुत्र्यातल्या, तिथंही तेच.
म्हणजे आडनाव कळलं, मगदूम,
आणि गल्लीत सगळेच मगदूम.

माझा आज्जा हेळवी.
बैलाची घंटा वाजली की बाया सुपातनं जोंधळं आणायच्या
आणि आज्जा वही न उघडता सुरू व्हायचा:
मूळ गाव कुठलं, कोण कुणाला दत्तक,
कोण विहिरीवरनं भांडून नदीपलीकडं गेला.
बांधावरनं कोर्टात गेलेली दोन घरं
त्याच्या तोंडी चौथ्या पिढीत एकाच बापाची.
मी विचारलं होतं, सगळी नावं सारखीच, तू चुकत कसा न्हाईस?
म्हणाला, "सारखं असतंय त्यानं वळख पटत न्हाई.
जिथं मोडलंय तिथं बोट ठेवायचं."

दुसरं जनुक मागवलं. आरपीओबी. लांबलचक.
बोट ठेवत गेले.
शेकड्यानं सारखं, कंटाळा येईल इतकं सारखं,
मग एक अक्षर वेगळं.
चहा गार झाला. आणखी एक.
हाताच्या बोटांवर मावतील एवढ्याच जागा,
आणि प्रत्येक जागी नमुना
शेळीतल्या जातीकडं पाठ करून उभा.
अबॉर्टस. गाई-म्हशीतली.
मेलिटेन्सिस नव्हे.

मग आठवलं, दावणीला तिसरी म्हैस होती,
दिवाळीत वडगावच्या बाजारातनं आणलेली,
शिंगं रंगवलेली, तपासणी न केलेली.
तिचं रक्त घेतलं. तीच अक्षरं, त्याच जागी.
शेरडांनी का टाकलं ते कुणाला ठाऊक.
त्यांचा नमुना कुणी घेतलाच नव्हता.

अहवालात रकाने असतात: जनावर, वय, नमुना, निष्कर्ष.
मायाप्पाला रकाना नाही.
सहीशेजारी पेननं लिहिलं:
संसर्ग शेळ्यांमधून आल्याचं दिसत नाही.

मामानं कागद उजेडात धरला.
"दिसत न्हाई म्हंजे? हाय का न्हाई?"
शिकलेल्या माणसासारखं काहीतरी बोलणार होते,
पण मागं दोन-तीन घरांची दारं किलकिली झाली होती.
"न्हाई," म्हटलं,
बैलावरनं बोलतात तेवढ्या आवाजात.

मामा हौदाकडं गेला. साबण नव्हता,
राखेनं हात घासत बसला, कितीतरी वेळ.
शाळेमागचं वाडगं मोकळं.
मायाप्पा गेल्या सोमवारी शेरडं घेऊन गेला,
गारगोटीकडं म्हणे, कुणी म्हणतं निपाणीकडं.
त्याचा नंबर मागितला.
गल्लीत कुणाकडंच नव्हता.